नको झालंय

गरोदरपण मला आवडलं नाही. आज हे वाक्य मी बिनधास्त लिहू शकते, कारण त्यावर बोलणारी बरीचशी माणसं आता राहिली नाहीत आणि जी आहेत त्यांना चष्मा सापडत नाही. तेव्हा मात्र असं म्हणायची सोय नव्हती. बाईला दिवस गेले की तिच्या तोंडावर तेज येतं, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. माझ्या तोंडावर तेज काही आलं नाही, वांग आले. मला दिवस गेले आणि तिथून पुढे दिवस जाईनात.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. माझं माहेर दौंडचं. वडील, आमचे आप्पा, रेल्वेत; आम्ही रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वाढलो. सासर शिरूर तालुक्यात, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूच्या एका गावात. सासरची माणसं एके काळी मेंढरं घेऊन हिंडणारी. मी लग्न होऊन गेले तोवर ऊस, विहीर, मोटार असं सगळं झालं होतं, तरी गोठ्याच्या कडेला चार-सहा मेंढ्या होत्याच. सासूला त्या विकवत नव्हत्या. सासूबाईंना मी आत्या म्हणायची.

तिसरा महिना भरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही रीत. त्यामुळे उलट्याही चोरूनच करायच्या. सकाळच्या उलट्या असं म्हणतात, पण माझ्या उलट्यांना घड्याळ कळत नव्हतं. भाकरी राहू द्या, पाणी पोटात ठरत नव्हतं. लसणाच्या फोडणीचा वास, नवऱ्याच्या डोक्याच्या तेलाचा वास, ओल्या लोकरीचा वास, काही म्हणता काही चालत नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळायला लागला की तो गोड वास अख्ख्या गावावर पसरायचा. लोक हौसेनं किटल्या घेऊन काकवी आणायला जायचे आणि मी तोंडाला पदर लावून परड्यात पळायची.

आई दौंडहून चोरचोळी घेऊन आली. पहिलटकरणीला तिसऱ्या महिन्यात माहेरची हिरव्या खणाची चोळी कुणाला न दाखवता द्यायची, म्हणून तिचं नाव चोरचोळी. पिशवीच्या तळातून ती काढून माझ्या हातात देताना आई इतकी हसत होती की मला खरं काही सांगताच आलं नाही. तिनं विचारलं, "बरं वाटतंय ना गं?" मी हो म्हटलं. म्हटलं, बाळंतपणाला दौंडला गेल्यावर निवांत सांगू. आईला कळेल. बाकी कुणाला नाही कळलं तरी चालेल, पण आईला कळेल, हे मी धरूनच चालले होते.

मग बातमी फुटली आणि ज्याला त्याला एकच प्रश्न. "काय खावंसं वाटतंय?" डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात म्हणे, त्यामुळे विचारणाऱ्याला उत्तर मिळाल्याशिवाय जाता येत नसे. मला काहीही खावंसं वाटत नव्हतं. कुणी काही विचारू नये, हा एकच डोहाळा होता आणि तो पुरवण्यासारखा नव्हता. शेवटी वैतागून मी एकदा "आंबट बोरं" असं ठोकून दिलं. झालं. आठवडी बाजारातून, बांधावरून, शेजारणीच्या ओट्यातून बोरं यायला लागली. पाटीभर बोरं माझ्यासमोर ठेवून चार बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. मी एक बोर तोंडात धरून हसायची आणि त्या गेल्या की सगळी बोरं मेंढ्यांना टाकायची. मेंढ्यांचे डोहाळे मात्र त्या वर्षी झकास पुरवले गेले.

आत्यांना माझं काही समजत नव्हतं. त्यांचाही दोष नाही. त्यांचं थोरलं मूल चालत्या वाटेवर झालं होतं. "नगरकडनं येत व्हतो आमी," त्या सांगायच्या. "कळा आल्या तवा बाभळीखाली बसले. दोगी जणी थांबल्या, मेंढरं फुडं गेली. पोरगं झालं, धुडक्यात बांधलं, आन् मुक्कामाला येऊन भाकरी केल्या." यात फुशारकी नसायची. एखाद्या गावाहून आलो असं सांगावं, तसं त्या सांगायच्या. मला शिरूरला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन सलाईन लावलं, तेव्हा बाटलीकडे बघत त्या शेजारी बसून होत्या. मधेच म्हणाल्या, "मेंढी गाभण ऱ्हायली की गप चरती गं. तुझंच काय असं?" मेंढीला कुणी विचारलं होतं का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण पुन्हा उलटी आली आणि ते राहून गेलं.

मला मूल हवं होतं. हे मला इथे नीट, ठासून सांगायचं आहे, कारण सगळा घोटाळा यातूनच झाला. मूल हवं असणं आणि नऊ महिने आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला पहिली होती, दुसरी नव्हती. आत्यांनी त्यांचं एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं दिलं होतं, त्याची मी दुपटी शिवत होते. दोन उलट्यांच्या मध्ये जेवढी सुई चालेल तेवढी चालवायची. पोटातलं हलायला लागलं तेव्हा मी त्याच्याशी भांडायची. "काय लावलंयस तू हे? ये बाहेर, मग बघते तुझ्याकडे," असं मी त्याला दम द्यायची. बाकी कुणाशी मी इतकं मोकळं बोलत नव्हते. ते भांडणच आमचं प्रेम होतं, आणि ते आम्हा दोघींपुरतं मला पुरेसं होतं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. अंगणात मांडव, गावातल्या झाडून साऱ्या बायका, दौंडहून आई. मला हिरवी साडी नेसवली आणि फुलांचे दागिने घातले. शेवंतीची वाडी, निशिगंधाचा कंबरपट्टा, कानांत, दंडांवर, केसांत, जिथे जागा दिसेल तिथे फूल. सगळ्या म्हणत होत्या, कशी नक्षत्रासारखी दिसते. मला श्वास घेता येत नव्हता. निशिगंधाचा वास थेट घशात उतरत होता. ओट्या भरून झाल्या, पेढा-बर्फीच्या वाट्या झाल्या, मला बर्फी निघाली आणि "पोरगी, पोरगी" असा गलका झाला. मग उखाण्यासाठी आग्रह सुरू झाला. मी तोंड उघडलं आणि उखाण्याच्या जागी सगळी ओटी, साडी, फुलं यांवर उलटी केली.

कुणीतरी पाणी आणायला धावलं. मी त्या घाणीत मान खाली घालून बसले होते, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "नको झालंय मला आता. नको झालंय हे सगळं."

मराठीत नको झालंय असं माणूस कशाकशाला म्हणतं. उन्हाला म्हणतं, लग्नसराईला म्हणतं, पाव्हण्यांना म्हणतं. माझी आईच आम्हा भावंडांना रोज म्हणायची, "नको जीव केलाय या कार्ट्यांनी." म्हणून काय आम्ही तिला नको होतो? संध्याकाळी तीच आम्हाला पोटाशी घेऊन झोपायची. थकलेल्या माणसाचं ते बोलणं आहे, त्याचा अर्थ आता सोसवत नाही एवढाच. हे मराठी बोलणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण पोटुशी बाई बोलली की त्याच शब्दांचा अर्थ फिरतो. सासऱ्यांची बहीण तिथे होती, तिनं माझं तोंड हातानं दाबलं. "असं अभद्र बोलू न्हाई. पोटातलं ऐकतंय." दुसरी कुणीतरी पुटपुटली, "हिला नकोच हाय की काय?" आई हसून म्हणाली, "लहानपणापासनं तिला सगळं नकोच असायचं बघा. दूध नको, भाजी नको." बायका हसल्या, वेळ निभावली. आईनं सावरून घेतलं म्हणून मला तेव्हा बरं वाटलं होतं.

त्यानंतर मी दौंडला आले. घोडनदी ओलांडली, भीमा ओलांडली, एसटीत खिडकीला डोकं टेकून आले. पण निवांत सांगायचं ते राहूनच गेलं. आईची सकाळपासून धावपळ, वडिलांच्या ड्युटीच्या वेळा, येणारेजाणारे. एकदा मी सुरुवात केली, "आई, मला ना फार जड जातंय गं." ती म्हणाली, "आता राहिलेत किती? मूल बघितलं की सगळं विसरशील." तिचं खरं असेल असं मलाही वाटलं. मूल बघण्यावर मी सगळं ठेवून दिलं. एवढे महिने जे सोसलं त्याचा हिशेब त्या एका बघण्यात चुकता होणार होता.

नववा महिना लागला होता. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की आज भांडण झालेलं नाही. मी नेहमीसारखा दम देऊन पाहिला, कुशीवर वळले, गार पाणी प्यायले. ती हलली नाही. स्टेशनपलीकडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं, मग जागा बदलून पुन्हा ऐकलं. कारण काय, हे त्यांना सांगता आलं नाही. असं कधीकधी होतं, कुणाची चूक नसते, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून त्या खरंच सांगत होत्या असं मला आजही वाटतं. मग औषध देऊन कळा आणल्या. कळा नेहमीच्याच असतात. त्यांना कुणी सांगत नाही.

ती जन्मली तेव्हा खोलीत भांड्यांचा आवाज तेवढा झाला. मी अर्धवट गुंगीत होते. डोळे उघडत नव्हते, पण ऐकू सगळं येत होतं. नर्सनं नेहमीच्या आवाजात विचारलं, "आईला दाखवायचं का?" आई म्हणजे मी, हे कळायला मला थोडा वेळ लागला. तोवर मला त्या शब्दानं कुणी हाक मारली नव्हती. आणि मला काही बोलता येण्याआधी माझी आई म्हणाली, "नको."

मला ओरडून सांगायचं होतं, दाखवा. जीभ जागची हलली नाही. पावलं दाराकडे गेली, दार लागलं. नंतर शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, तेव्हा वडील आणि तोवर येऊन पोचलेला माझा नवरा भीमेवरून परत येऊन आंघोळ करून बसले होते. मुलगी होती, एवढं मला सांगितलं गेलं. कुणी कुणी ते समजूत काढायच्या सुरात सांगितलं. मुलगीच होती.

सासरी निरोप गेला. बाळंत झालेल्या बाईला आपल्याकडे मोकळी झाली असं म्हणतात. शेजारच्या क्वार्टरमधली मावशी दारात येऊन आईला विचारत होती, "झाली का मोकळी?" आई म्हणाली, "झाली." मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. इतकी मोकळी मी जन्मात कधी झाले नव्हते.

मग दूध आलं. त्याला कुणी कळवलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. आईनं लुगड्याची रुंद पट्टी फाडली आणि माझी छाती आवळून बांधली. मला वाटलं, ही आता काहीतरी बोलेल. ती गाठ मारून म्हणाली, "पड जरा." उलट्या एकदम थांबल्या होत्या. मला भूक लागायला लागली, वास गोड यायला लागले आणि त्याची मला इतकी लाज वाटायची की मी जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायची.

मी रडले की घरात एक चमत्कारिक अवघडलेपण यायचं. सासरी परतल्यावर तर जास्तच. गावातल्या बायका भेटायला आल्या, बसल्या, चहा प्यायल्या. माझे डोळे भरले की त्या एकमेकींकडे बघायच्या. डोहाळजेवणाला जे ऐकलं होतं ते कुणी विसरलं नव्हतं. मी ओट्याआड असताना एकीला बोलताना ऐकलं, "हिलाच तर नको व्हतं, आता रडाय काय झालं?" ज्यांना गरोदरपणाचं कौतुक होतं त्यांचं मूल गेलं तर गाव त्यांच्यासोबत रडतं. माझ्यासोबत रडायला कुणी आलं नाही, कारण माझं काही गेलं आहे असं कुणाला वाटलंच नाही. नवरा जवळ घ्यायचा, पण बोलायचा नाही. आत्यांनी दुपटी कुठेतरी ठेवून दिली, कुठे ते मी विचारलं नाही.

या सगळ्यात मी एकच गोष्ट धरून राहिले. आईनं मला जपलं, असं मी स्वतःला सांगत राहिले. तोंड पाहिलं असतं तर ते जन्मभर डोळ्यांसमोरून हललं नसतं, हे तिनं ओळखलं आणि माझ्या वतीनं नको म्हणाली. मला राग यायचा, पण हा विचार केला की राग उतरायचा. चुकीचं का होईना, पण तिनं केलं ते मायेनं केलं. निदान एका माणसाला माझं दुःख माहीत होतं.

मध्ये बरीच वर्षं गेली. रांजणगावला कंपन्या आल्या, नवऱ्याला एका कंपनीत काम लागलं आणि आम्ही शिरूरला भाड्याच्या खोलीत राहायला आलो. तिथे मला पुन्हा दिवस गेले. त्या वेळचा मुलगा सुखरूप झाला, आता माझ्याहून उंच आहे आणि घरात पाऊल टाकताच फ्रीज उघडतो. पण ते नऊ महिनेही मला आवडले नाहीत. पुन्हा तेच, तसंच, तेवढंच. फरक एवढाच की या वेळी मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. कुणी विचारलं की छान चाललंय म्हणायची, आणि मोरीत नळ सोडून ओकायची. शेजारच्या खोलीत बिहारची एक बाई राहायची, तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच शिफ्टला होता. तिला भिंतीतून सगळं ऐकू जायचं. एकदा मीठ-साखरेचं पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "हमको भी बिलकुल अच्छा नहीं लगता था दीदी. नौ महीना गाली देते थे." मी खळखळून हसले आणि हसता हसता तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. मला मात्र ते एक वाक्य कुणाकडून तरी मराठीत हवं होतं.

सातव्या महिन्यात आई मदतीला म्हणून शिरूरला येऊन राहिली. डोहाळजेवण करायचं नाही असं मी आधीच सांगितलं होतं. दुपारची वेळ होती, आम्ही दोघी जमिनीवर बसून मेथी निवडत होतो. मला उमळून आलं, मी उठून मोरीत गेले, नळ सोडायचं भान राहिलं नाही. तोंड धुऊन परत येऊन बसले. आईनं पानं खुडता खुडता, माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात विचारलं, "ह्या येळी तरी हवंय ना गं तुला?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे. मग कळलं. तिनं मला जपलं नव्हतं. बाकीच्यांना वाटलं तेच तिलाही वाटलं होतं, आणि इतकी वर्षं ती ते मनात ठेवून माझ्याशी गोड बोलत होती. बहुधा मला माफ करून टाकलं होतं तिनं.

"आई," मी म्हटलं, "तेव्हाही हवीच होती मला ती. उलट्या नको झाल्या होत्या. ती नाही."

आईनं मान वर केली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "अगं, मग दाखवली असती की गं मी," ती म्हणाली. "माझ्याच तर हातात व्हती."

जे विचारायला मी इतकी वर्षं घाबरत होते ते विचारलं. कशी होती?

आई रडायला लागली. "मी न्हाई गं बघितलं नीट. म्हणलं, तुलाच नकोय तर आपण तरी माया कशाला लावून घ्यावी. तोंडावर फडकं टाकलं आन् दिली तुझ्या आप्पांकडं." आप्पांनी आणि माझ्या नवऱ्यानं ती तशीच, झाकलेली नेली होती. तिचं तोंड आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल ते त्या नर्सनं, आणि तिला ते लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं.